इंदूरचे महाराज आणि ३२० घोडे

इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ रोजी इंदूरला झाला. होळकर घराणे मूळचे आपल्या महाराष्ट्रातले. नीरेकाठच्या होळ गावावरून त्यांचे आडनाव पडले. बाजीरावांबरोबर माळव्यात गेलेले मल्हारराव आणि त्यांची सून पुण्यश्लोक अहिल्याबाई शाळेच्या पुस्तकात सर्वांनाच भेटतात. १८०४ मध्ये कर्नल मॉन्सनच्या इंग्रजी फौजेला पळता भुई थोडी करणारे यशवंतराव पहिले आपल्या मिलिटरी हिस्ट्रीच्या तासाला भेटले. मी लिहितो आहे ते यशवंतराव त्यांच्यानंतर शंभर वर्षांनी जन्मले. नाव तेच, पण काळ पार उलटा.

कारण मधल्या काळात होळकरांची तलवार म्यान झाली होती. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला, मंदसौरचा तह झाला आणि इंदूरजवळ महूला इंग्रजांची छावणी बसली. आज महू म्हटले की आपल्याला इन्फंट्री स्कूल आणि आर्मी वॉर कॉलेज आठवते, आणि आपल्यातल्या काहींना तिथे जायचेही आहे. पण ती छावणी मुळात इंदूरच्या राजावर डोळा ठेवायला बसवलेली होती. राजाला १९ तोफांची सलामी होती, स्वतःच्या राज्यात २१ तोफांची. मात्र त्याच्या शेजारी इंग्रज रेसिडेंट बसलेला असे, आणि खरा लगाम त्याच्या हातात होता.

यशवंतरावांचे शिक्षण इंग्लंडमध्ये झाले. आधी चीम, मग चार्टरहाउस आणि शेवटी ऑक्सफर्डचे क्राइस्ट चर्च कॉलेज. म्हणजे तेही बोर्डिंगचेच. मला घर सोडून चार वर्षे झाली आहेत आणि भिलाईहून इथे यायला एक रात्र लागते. त्यांना बोटीने आठवडे लागत. मधल्या सुट्टीत १९२४ साली त्यांचे लग्न झाले. वधू कोल्हापूरजवळच्या कागलच्या घराण्यातल्या संयोगिताबाई. नवरदेव पंधरा वर्षांचे, म्हणजे माझ्या वयाचे, आणि नवरी दहाच्या आसपासची. हे वाचून आमच्या डॉर्मिटरीत जो गोंधळ झाला तो इथे लिहीत नाही.

त्यांचे वडील तुकोजीराव (तिसरे) यांना १९२६ मध्ये गादी सोडावी लागली. आदल्या वर्षी मुंबईत मलबार हिलवर बावला नावाच्या व्यापाऱ्याचा खून झाला होता आणि त्याचे धागे इंदूर दरबारापर्यंत पोचत होते. गोल्फ खेळून परतणारे काही इंग्रज लष्करी अधिकारी योगायोगाने तिथे आले, म्हणून मोटारीतल्या बाईचा जीव वाचला. इंग्रज सरकारने तुकोजीरावांपुढे दोनच वाटा ठेवल्या, चौकशी किंवा गादीचा त्याग. त्यांनी गादी सोडली. अठरा वर्षांचेही न झालेले यशवंतराव महाराज झाले, पण कारभार हातात यायला १९३० साल उजाडले.

वडिलांचे राज्य एका सरकारी कागदाने गेलेले ज्या मुलाने पाहिले, तो पुढे कसा वागेल? एक तर भित्रा होईल, नाही तर जे हातात आहे ते भरभरून वापरेल. यशवंतरावांनी बरेचसे दुसरे केले असे मला वाटते. ऑक्सफर्डला भेटलेल्या एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुशिल्पीकडून त्यांनी इंदूरला माणिकबाग नावाचा राजवाडा बांधून घेतला. ना घुमट, ना कमानी, ना झुंबरे. सरळ रेषा, काच आणि धातूचे फर्निचर, गारव्यासाठी वातानुकूलन. १९३०-३३ च्या हिंदुस्थानात असे घर म्हणजे आकाशातून उतरलेलेच वाटले असेल. ब्रांकुसी या मोठ्या शिल्पकाराकडून त्यांनी उडत्या पक्ष्याची तीन शिल्पे घेतली. त्यातली दोन आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या संग्रहालयात आहेत.

आणि मोटारी. इथे मला जरा जास्त जागा हवी, कारण खरे तर मोटारीमुळेच मी त्यांच्यापर्यंत पोचलो.

झाले असे की भिलाईला माझ्या मावसभावाकडे जुनी मारुती ८०० आहे आणि तिच्यात सुपरचार्जर बसवायचा असा त्याने उन्हाळ्यात ध्यास घेतला. सुपेल्याच्या ज्या मिस्त्रीकडे तो गेला, त्याने बॉनेट उघडले, भावाकडे पाहिले, बॉनेट बंद केले आणि चहा मागवला. एवढ्यावर विषय मिटला. पण भारतात सुपरचार्जरची गाडी कुणाकडे होती हे शोधताना मला इंदूर सापडले. १९३० च्या दशकाच्या मध्यात यशवंतरावांनी अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग कंपनीची एसजे ही मोटार मागवली. चासी आणि इंजिन अमेरिकेचे, वरची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांची. रंग नारिंगी आणि काळा. चासी सर्वांत लांब मापाची, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जवळपास ३.९ मीटर. मारुती ८०० बंपरपासून बंपरपर्यंत ३.३ मीटर भरते. म्हणजे आख्खी मारुती त्या दोन चाकांच्या मध्ये मावली असती. आणि एवढ्या लांब गाडीत बसायची जागा दोघांची!

आता सुपरचार्जर म्हणजे काय, ते आमच्या गावच्या भाषेत सांगतो. भिलाईच्या कारखान्यात ब्लास्ट फर्नेस आहेत. पहिली भट्टी ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. भट्टीत वरून लोहखनिज, कोक आणि चुनखडी पडते, पण नुसते पडून काही होत नाही. खालून नळ्यांमधून गरम हवा जोराने कोंबावी लागते. हवा जास्त, तर कोक जास्त जळतो, आणि लोखंड जास्त निघते. म्हणून भट्टीइतकेच महत्त्व ब्लोइंग स्टेशनला, असे माझे बाबा सांगतात, आणि त्यांची ड्यूटी तिथे नाही, त्यामुळे ते खरे मानायला हरकत नाही.

मोटारीचे इंजिन हीसुद्धा एक छोटी भट्टीच आहे. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला जवळजवळ १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल जास्त ओतणे सोपे असते, हवा आणायची कुठून? साधे इंजिन पिस्टन खाली गेल्यावर जेवढी हवा आपोआप आत येते तेवढीच घेते. सुपरचार्जर हा इंजिनाच्याच जोरावर, पट्ट्याने किंवा गिअरने फिरणारा पंखा किंवा पंप असतो, तो हवा दाबून आत भरतो. तेवढ्याच सिलिंडरमध्ये जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल, म्हणून जास्त ताकद. हल्लीच्या ट्रकमध्ये आणि डिझेल गाड्यांत जो टर्बो असतो, त्याचेही काम हेच, फक्त तो बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो.

गंमत म्हणजे भट्टी आणि मोटार यांचे नाते मी जोडलेले नाही, ते खरोखरच आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावी रूट्स नावाच्या दोन भावांनी १८६० च्या सुमारास दोन फिरत्या पाकळ्यांचा हवेचा पंप काढला. त्यांची होती लोकरीची गिरणी, पण तो पंप खपला ओतशाळांत आणि भट्ट्यांत. पुढे मोटारवाल्यांनी तोच पंप छोटा करून इंजिनावर बसवला. आजही त्याला रूट्स ब्लोअर म्हणतात. म्हणजे सुपरचार्जर हे भट्टीचेच लेकरू आहे. विमानांना तर त्याची गरज फारच होती, कारण वर हवा विरळ होत जाते आणि इंजिनाचा दम कोंडतो. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायरचे मर्लिन इंजिन उंचावर लढू शकले ते सुपरचार्जरमुळे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे. तिथेसुद्धा हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास कमी भरतो.

ड्यूसेनबर्गचा सुपरचार्जर रूट्सच्या जातीचा नव्हता, पंख्याच्या जातीचा होता. इंजिनाच्या पाचपट वेगाने तो फिरे. इंजिन मिनिटाला ४००० फेरे घेत असेल तर पंखा २०,०००. आठ सिलिंडरचे ६.९ लिटरचे ते इंजिन सुपरचार्जर नसताना २६५ हॉर्सपॉवर देई आणि सुपरचार्जर लावल्यावर ३२०, असे कंपनी सांगत असे. वाढ झाली ५५ ची. आमच्या मारुती ८०० चे आख्खे इंजिन सुमारे ३७ हॉर्सपॉवरचे. फक्त वाढीमध्ये दीड मारुती! मल्हाररावांच्या वंशजाने ३२० घोड्यांचे पथक एका बॉनेटखाली ठेवले होते असे आमच्या रायडिंगच्या उस्तादांना सांगितले, तर त्यांनी त्या घोड्यांची लीद कोण काढायचे असे विचारले.

पण ही ताकद फुकट येत नाही, आणि मिस्त्रीने चहा का मागवला ते इथे कळते. हवा दाबली की ती तापते. आधीच तापलेली, दाबलेली हवा सिलिंडरमध्ये पुन्हा दाबली गेली तर उरलेले पेट्रोल ठिणगीपासून निघालेली ज्योत पोचायची वाट न पाहता स्वतःच भडकते. त्याला नॉकिंग म्हणतात. पिस्टनवर हातोडी मारल्यासारखे ते असते. पिस्टनला भोक पडू शकते, हेडचे गॅसकेट उडते. शिवाय जास्त ताकद म्हणजे जास्त उष्णता, मग रेडिएटर मोठा हवा, क्लच मजबूत हवा आणि सर्वांत आधी ब्रेक चांगले हवेत. ड्यूसेनबर्गने नुसता पंखा लावला नाही. साध्या मॉडेलमधले अॅल्युमिनियमचे कनेक्टिंग रॉड काढून पोलादी नळीचे रॉड घातले, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कडक केल्या आणि धुराचे चकचकीत पाइप बॉनेटच्या बाजूने बाहेर काढले. भावाच्या मारुतीत हे सगळे करायचे तर मारुती म्हणण्यासारखे फक्त नंबर प्लेट उरली असती. आणि नंबर प्लेटवरून आठवले, रजिस्ट्रेशनमध्ये नोंदलेल्या गाडीत असा बदल परस्पर करणे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही.

ते इंजिन ज्याच्या डोक्यातून निघाले त्या फ्रेड ड्यूसेनबर्गबद्दल चार ओळी लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १८७६ मध्ये जर्मनीत जन्म, लहानपणीच आईबरोबर अमेरिकेत, सुरुवात सायकली बनवण्यापासून, कॉलेजची पदवी नाही. १९२४ ची इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत त्याच्या सुपरचार्जरवाल्या गाडीने जिंकली, आणि सुपरचार्जरची गाडी तिथे जिंकण्याची ती पहिलीच वेळ. मला त्याच्याबद्दल जास्त आदर वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीसाठी. चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असलेली गाडी लोकांना विकायला त्यानेच १९२१ मध्ये सुरुवात केली. म्हणजे वेगाआधी त्याने थांबण्याचा विचार केला होता. तरीही जुलै १९३२ मध्ये पेनसिल्व्हानियाच्या डोंगरातल्या ओल्या रस्त्यावर तो स्वतः सुपरचार्जरची ड्यूसेनबर्ग चालवत असताना अपघात झाला. तो बरा होतो आहे असे वाटत असताना न्यूमोनिया झाला आणि २६ जुलैला जॉन्सटाउन गावी तो वारला. जॉन्सटाउन हे भिलाईसारखेच पोलादाचे गाव. इंदूरची गाडी तयार झाली ती तो गेल्यानंतर तीन-चार वर्षांनी, आणि १९३७ मध्ये कंपनीही बंद पडली.

इथे माझे आणि बाबांचे भांडण आहे. बाबांचे म्हणणे असे की ही सगळी ऐट माळव्यातल्या शेतकऱ्याच्या सारावसुलीतून आली, तिचे कौतुक कॅडेटने करू नये. ते बरोबर आहे. दोन माणसांसाठी एवढी गाडी आणि दुसरीकडे रयत बैलगाडीत, हे चित्र चांगले नाही. पण मग यशवंतरावांचा हिशेब एका मोटारीवरच संपवायचा का, हा माझा प्रश्न आहे. कारण त्यांनी ज्यावर पैसा आणि मन लावले त्यातल्या सगळ्याच गोष्टी काही फक्त त्यांच्यासाठी नव्हत्या.

क्रिकेटच घ्या. नागपूरचे सी. के. नायडू, भारताचे पहिले कसोटी कर्णधार, यांना तुकोजीरावांनी इंदूरला आणून होळकरांच्या सैन्यात हुद्दा दिला होता. म्हणून तर ते कर्नल नायडू. यशवंतरावांच्या काळात त्यांच्या हाताखाली होळकर संघ असा तयार झाला की त्याने १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ अशी चार वेळा रणजी करंडक जिंकली. पण माझा आवडता सामना हरलेला आहे. मार्च १९४५ चा अंतिम सामना, मुंबईविरुद्ध. होळकरांना जिंकायला हव्या होत्या ८६७ धावा! युद्धामुळे महूच्या छावणीत नेमणूक असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून खेळत होता. त्याने नाबाद २४९ काढल्या. संघ ४९२ वर आटोपला. ज्या महूतून राजावर नजर ठेवायची, त्याच महूतला शिपाई राजासाठी दिवसभर बॅटिंग करत होता.

आणि १९४२. क्रिप्स मिशन फसले होते, जपान ब्रह्मदेशात घुसला होता, काँग्रेस आणि सरकार यांच्यात बोलणे उरले नव्हते. त्या मे महिन्यात यशवंतरावांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना उघड पत्र लिहिले आणि हिंदुस्थानच्या प्रश्नात अमेरिका, चीन, रशिया यांनी मध्यस्थी करावी असे सुचवले. वाचायला साधे वाटते. पण ज्या राजाला परराज्याशी परस्पर व्यवहार करायची तहाने मनाई होती, ज्याच्या वडिलांची गादी इंग्रजांनी सोळा वर्षांपूर्वी काढून घेतली होती, त्याने हे छापून लिहिले. व्हाइसरॉय चिडले. त्या पत्राने काही घडले नाही, रूझवेल्टनी मध्यस्थी केली नाही. तरी माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली सर्वांत जोखमीची गोष्ट ती गाडी नव्हे, ते पत्र होते. बाबा यावर काही बोलले नाहीत. त्यांनी ते पत्र कुठे वाचायला मिळेल का, एवढेच विचारले.

घरात त्यांना सुख थोडेच मिळाले. संयोगिताबाई १९३७ मध्ये स्वित्झर्लंडला वारल्या, वय वर्षे तेवीसच्या आत. मुलगी चार वर्षांचीही नव्हती. ब्रांकुसीकडून बांधून घ्यायचे ध्यानमंदिर, ज्यात ते तीन पक्षी बसायचे होते, ते कधीच झाले नाही. पुढे त्यांनी दोनदा लग्न केले, दोन्ही वेळा अमेरिकन स्त्रियांशी, आणि बराच काळ ते परदेशात राहिले.

स्वातंत्र्यानंतर २८ मे १९४८ रोजी इंदूर, ग्वाल्हेर आणि माळव्यातली इतर संस्थाने मिळून मध्यभारत हे राज्य झाले. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख आणि यशवंतराव उपराजप्रमुख. शिंदे आणि होळकर यांचे पानिपतापासूनचे वाकडे ज्यांना माहीत आहे त्यांना त्या एका ओळीत किती इतिहास आहे ते कळेल. शंभर वर्षांपूर्वी यावरून तलवारी निघाल्या असत्या. १९४८ मध्ये सह्या झाल्या. १९५६ मध्ये मध्यभारतही मध्यप्रदेशात गेला. त्याच मध्यप्रदेशात तेव्हा आमचे भिलाई होते आणि तिथे कारखान्याचा पाया घातला जात होता. म्हणजे यशवंतरावांचे इंदूर आणि माझे गाव चव्वेचाळीस वर्षे एकाच राज्यात होते, २००० साली छत्तीसगड वेगळे होईपर्यंत.

यशवंतराव ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत वारले. वय ५३. इंदूरचे मोठे सरकारी रुग्णालय त्यांच्या नावाचे आहे, लोक त्याला एम. वाय. म्हणतात, आणि वाय म्हणजे यशवंतराव हे तिथे रांगेत उभ्या असलेल्या किती जणांना माहीत असेल कोण जाणे. माणिकबागेत केंद्र सरकारच्या कर खात्याचे कार्यालय आहे. नारिंगी-काळी ड्यूसेनबर्ग परत अमेरिकेत गेली. जुन्या मोटारींच्या प्रदर्शनांत ती दिसते, तिच्या फोटोंत धुराचे चार पाइप बॉनेटच्या बाजूने बाहेर आलेले ओळखू येतात. माझ्या मावसभावाने मारुतीला नवे ब्रेक शू टाकले आहेत.